भिंत खचली म्हणून खांब विकले

धुळे, मृगाच्या आदल्या आठवड्यात

जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष भाऊ आणि समितीतल्या माझ्या सगळ्या भावांनो,

तुमची पत्रिका मिळाली होती. कलशारोहणाला मी आले, तेही तुम्ही पाहिलेत. दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि कोणाशी न बोलता संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला परतले. ताई रुसल्या, असे मागाहून कोणी म्हणाले म्हणे. भाऊ, मी रुसले नव्हते. तोंडातून शब्दच फुटत नव्हता. आज लिहिते आहे आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. जे गेले ते एकट्या समितीचे नव्हते, आणि आसपासच्या ज्या गावांत ते अजून उभे आहे, तिथपर्यंत हे पोहोचावे, एवढी एकच इच्छा आहे.

नव्या देवळाच्या दाराशी, डाव्या हाताला, देणगीदारांचा संगमरवरी फलक लावला आहे. त्यावर माझे नाव कोरले आहे आणि पुढे ५१,००० रुपये असा आकडा. ते पैसे माझ्या निवृत्तीच्या रकमेतले. तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ताई, पश्चिमेची भिंत खचली. पावसाळ्याआधी काम काढू." पावतीवर छापले होते, 'मंदिर जीर्णोद्धार निधी'. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवली. जीर्ण झाले त्याचा उद्धार, हा अर्थ मी मुलांना फळ्यावर फोड करून सांगत आले. त्याच अर्थाने पैसे दिले. चार महिन्यांनी भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवला. सभामंडपाच्या जागी मोकळी जमीन, कडेला मातीचा ढीग आणि ट्रकमध्ये एकावर एक रचलेले आपले खांब. विठ्ठल-रुखमाई तेव्हा शाळेच्या खोलीत होते.

त्या फोटोपासून मला एकच प्रश्न छळतो आहे. भिंत खचली होती ना? मग खांब का विकले?

हा प्रश्न मी हट्टाने विचारत नाही. आपला सभामंडप उभा कसा होता, हे एकदा नीट आठवून पाहा. सोळा खांब होते, चार रांगांत चार-चार. त्यांच्यामध्ये नऊ खण. मधले चार खांब उंच, म्हणून मधला खण दुमजली आणि वर तीन बाजूंनी सज्जा. काल्याच्या कीर्तनाला आम्ही मुली त्या सज्जाच्या कठड्यातून पाय खाली सोडून बसायचो. धाब्यावरच्या, म्हणजे सपाट छतावरच्या, मातीचा भार किलचनांवर, किलचनांचा कड्यांवर, कड्यांचा तुळयांवर, तुळयांचा हस्तांवर, हस्तांचा खांबांवर, आणि खांबांचा तळखड्यावर. खांब जमिनीत पुरलेलाच नव्हता. काळ्या दगडाच्या तळखड्यावर तो नुसता उभा होता, म्हणजे ओल आणि उधई त्याच्या पायापर्यंत सहज पोहोचू नये. या सगळ्या वाटचालीत भिंत कुठेच येत नाही. कच्च्या विटांची, वर चुन्याचा गिलावा दिलेली ती भिंत आडोशाची होती. वारा अडवायला, दिवळीत पणती ठेवायला, पाठ टेकायला. छताचा भार तिने कधी घेतलाच नव्हता.

ती भिंत अख्खी उतरवून नवी रचली असती, तरी छत जागच्या जागी राहिले असते. आमच्या आबांच्या हयातीत उत्तरेची भिंत अशीच उतरवून पुन्हा रचली होती. मी तेव्हा चौथीत होते. भिंत नव्हती त्या आठ-दहा दिवसांत सभामंडप चहूकडून उघडा पडला, आणि तरीही हरिपाठ त्याच धाब्याखाली झाला. समितीतल्या दोघा-तिघांनी तरी ते डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझे दुःख दुप्पट आहे.

भिंत का खचली, हेही आपल्याला ठाऊक आहे. तापीच्या खोऱ्यातली आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा सोडते. अशा जमिनीवर ताठ, जड भिंत तडकणारच. आपल्या जुन्या सुतारांना हे पक्के माहीत होते. म्हणून त्यांनी भार लाकडावर दिला. खांबाच्या डोक्याला कुसू, तुळईत खाच, आड लाकडी खुंटी. जमीन थोडी हलली तर सांधा थोडा हलतो आणि पुन्हा बसतो. सातपुड्यातला साग, बोरीच्या काठचा काळा दगड, शेतातली माती आणि गावच्या सुताराचा वाकस, एवढ्यावर ती बांधणी उभी होती. तिला वास्तुशास्त्रज्ञाचे नाव नाही, म्हणून ती अडाणी ठरत नाही.

आणि भावांनो, भिंतीला खचवले कोणी, हेही सांगायला हवे. मिरगाआधी प्रत्येक घरातून एक-एक टोपली खारी माती धाब्यावर जायची. पांढरी, खारवट माती. ती पावसाने घट्ट बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. आबा, तुमचे वडील, सुतारआळीतले सगळे, त्या दिवशी वर चढायचे. कुठे खड्डा पडला, कोणती पन्हाळ तुंबली, कोणत्या किलचनाला कीड लागली, सगळे वर्षातून एकदा नजरेखालून जायचे. मग कोणीतरी धाब्यावर पत्रे टाकले. वर चढणे बंद झाले. पत्र्याचे पाणी धारेने थेट पश्चिमेच्या भिंतीच्या पायाशी पडू लागले. पुढे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटने ती ओल आत कोंडली. त्यानंतर फरशी बसवताना जमीन वीतभर उंच केली आणि तळखडे सिमेंटमध्ये गाडले. खांबांचा पाय पहिल्यांदा ओलीत गेला. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता. पण आजार आपण दिला आणि म्हातारपणाला दोष देऊन मोकळे झालो.

तुम्ही म्हणाल, ताई भावनेच्या भरात बोलतात. दोन खांबांना उधई लागली होती, हे मला मान्य आहे. मी स्वतः बोटाने दाबून पाहिले होते, पापुद्रा निघत होता. मातीचे धाबे जड असते, हेही मान्य. वर्षानुवर्षे मातीवर माती चढत गेली की ते जीवघेणे होते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड छतांनी किती माणसे घेतली, हे मी विसरलेले नाही. पण त्याच भागात काही घरांच्या भिंती कोसळल्या तरी लाकडी खांबांनी छत तोलून धरले, आणि आतली माणसे वाचली. भीती खरी होती तर जास्तीची माती उतरवायची, भिंत हलकी करायची, दोन खांबांचे पाय बदलायचे. सोळांपैकी दोन आजारी होते. चौदा खांब धडधाकट होते, आणि तेही ट्रकमध्ये गेले.

खांबाचा पाय बदलता येतो, हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला फोगल्सबर्ग नावाच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात नेले. तो भागही ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, आपल्यासारखाच. तिथे गावोगावी लाकडी सांगाड्याची चर्च आहेत, बहुतेक सतराव्या-अठराव्या शतकांतली. आम्ही पाहिले ते चर्च आपल्या देवळापेक्षा फार मोठे नव्हते. ओकचे उभे खांब, आडव्या तुळया, कोपऱ्यांत तिरके टेकू, आणि मधल्या चौकटींत काठ्या विणून त्यावर माती आणि पेंढ्याचा लेप. म्हणजे कूडच की! आपल्याकडे तुराट्यांचा असतो, तिथे ओक आणि विलोच्या काठ्यांचा. मुलीने सांगितले, या बांधणीला तिकडे 'फाखवेर्क' म्हणतात. 'फाख' म्हणजे काय, मी विचारले. ती थोडा विचार करून म्हणाली, "आई, खण." मी तिथेच बाकावर बसले. समुद्रापलीकडच्या सुताराने आणि आपल्या सुताराने घर मोजायला एकच शब्द निवडला होता.

तिथे एका बाजूच्या तीन खांबांचे बूड कुजले होते. त्यांनी खांब काढले नव्हते. कुजलेले बूड तेवढे तासून टाकले होते आणि नव्या ओकचा तुकडा खाच पाडून, खुंट्या ठोकून वर जोडला होता. जुने लाकूड काळे, नवे पिवळसर, सांधा सगळ्यांना दिसेल असा उघडा. आतल्या भिंतीत वीतभर जागी गिलावा मुद्दाम काढून काचेखाली कूड दाखवला होता, येणाऱ्या मुलांना कळावे म्हणून. खेडे लहान, माणसे शेतकरी. त्यांच्याकडे आपल्यापेक्षा देव जास्त नव्हता, की श्रद्धा जास्त नव्हती. माझ्या मनात तेव्हा आले होते, गावी गेले की भाऊंना हा सांधा सांगायचा. मी परतले, आणि तुमचा फोन आला. फोनवर मी तुम्हाला सांगितलेही होते. तुम्ही हो म्हणाला होतात.

आणखी एक उदाहरण सांगते. पोलंडमध्ये याव्होर आणि श्विदनित्सा या गावांत दोन चर्च आहेत. १६४८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध संपले तेव्हा तिथल्या प्रोटेस्टंट लोकांना कॅथलिक सम्राटाने जेमतेम तीन चर्च बांधायची परवानगी दिली, तीही कडक अटींवर. गावाच्या तटाबाहेर बांधायचे. दगड-वीट वापरायची नाही, लाकूड, माती आणि पेंढाच वापरायचा. मनोरा आणि घंटा नाही. आणि वर्षभरात काम पुरे करायचे. ते फार काळ टिकू नये, हाच त्या अटींचा अर्थ. लोकांनी त्या मातीलाकडातच हजारो माणसे मावतील अशी चर्च उभी केली. तिसरे पुढे जळाले. ही दोन साडेतीनशेहून अधिक वर्षे उभी आहेत, आणि २००१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ज्यांना माती आणि लाकूड शिक्षा म्हणून मिळाले त्यांनी ते जपले. आपल्याला ते आजोबांकडून हौसेने मिळाले होते.

इतके लांब कशाला जायचे? पुण्यात सोमवार पेठेतल्या नागेश्वर मंदिराचा लाकडी सभामंडप जाणकारांनी जपून दुरुस्त केला आहे. आपल्या जळगावचा रामाचा रथ घ्या. कार्तिकी एकादशीला तो निघतो, १८७२ पासून. अमळनेरला वैशाखी एकादशीला सखाराम महाराजांचा रथ निघतो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावणारे हात बदलले, पिढ्या बदलल्या. एखादे चाक झिजले म्हणून रथ भंगारात घालायचे कोणाच्या मनातही येत नाही. मग देवळालाच आपण हा न्याय का लावला नाही?

माझी दुसरी तक्रार इतिहासाची आहे. आपल्या देवळावर शिलालेख नव्हता. 'फार जुने' एवढेच सगळे सांगत. पण त्या खांबांत साल लिहिलेले होते. सागाच्या खोडात वर्षागणिक एक वलय उमटते. पाऊस चांगला तर रुंद, दुष्काळ तर अरुंद. त्या वलयांवरून झाड कधी तोडले याचा माग काढता येतो. इंग्लंडमध्ये ग्रीनस्टेड गावचे लाकडी चर्च लोक नवव्या शतकातले मानत. ओकच्या वलयांनी ते अकराव्या शतकातले ठरवले. आपले देऊळ होळकरांच्या काळातले की त्याही आधीचे, हे सांगू शकणारे सोळा साक्षीदार आपल्याकडे होते. आपण त्यांची साक्ष न घेताच त्यांना गावाबाहेर घालवले.

मी ज्या धुळ्यात राहते, तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला. हा माणूस गावोगाव फिरला. अडगळीत पडलेले, उधईने खाल्लेले, लोकांनी रद्दी समजलेले कागद त्याने गोळा केले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. त्या इमारतीवरून जाताना आता माझी मान खाली जाते. कागदाला लागलेली उधई पाहून ज्या जिल्ह्यात माणसे कागद वाचवत राहिली, तिथे खांबाला लागलेली उधई पाहून आपण खांब विकले.

तुम्हाला वाटत असेल, सरकारनेच काही करायला हवे होते. चांगदेवचे देऊळ, पाटणादेवीजवळचे महेश्वर मंदिर, ही दगडी देवळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत आणि असायलाच हवीत. पण खेड्यातले मातीलाकडाचे देऊळ कोणाच्या यादीत येत नाही. त्याला निळी पाटी लागत नाही, पहारेकरी मिळत नाही. त्याचा राखणदार म्हणजे आपणच. आपण उठलो की त्याच्यामागे कोणी उरत नाही.

आता नव्या देवळाविषयी. कळस उंच आहे, फरशी चकचकीत आहे. तुम्ही उन्हातान्हात उभे राहून काम करवून घेतलेत. त्या कष्टांना मी नावे ठेवणार नाही. पण वैशाखाच्या दुपारी तिथे बसून पाहा. आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. जाड मातीचे धाबे ते ऊन दिवसभर अंगावर घ्यायचे आणि आत गारवा राखायचे. शेतातून आलेल्या बाया भर दुपारी तिथे लवंडायच्या. आताचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडतो. पंखे गरम वारा फिरवतात. कलशारोहणाच्या दिवशी तीन म्हाताऱ्यांना बाहेर निंबाखाली नेऊन बसवावे लागले. आणि आवाज? लाकूड आणि माती आवाज पोटात घेतात. जुन्या मंडपात मृदंगाची थाप आणि कीर्तनकाराचा शब्द वेगवेगळा ऐकू यायचा. आता फरशी आणि भिंती प्रत्येक टाळ परतवून लावतात. बुवा बोलत होते आणि मागे बसलेल्यांना नुसता गलका ऐकू येत होता. म्हणून लाउडस्पीकर मोठा केला, आणि गलकाही मोठा झाला.

माझी आजी अहिराणीच बोलायची. देवळाच्या दाराशी आली की सांगायची, "खांबले हात लाव बेटा, मंग मझार जाय." दाराजवळचा पहिला खांब खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झाला होता, काचेसारखा. तो रंध्याने झाला नव्हता. किती पिढ्यांचे हात त्यावरून फिरले असतील! ज्या काळी आमच्यासारख्या बायकांना गाभाऱ्यात जाता येत नसे, तेव्हा त्यांचा देव तो खांबच होता. कलशारोहणाच्या दिवशी मी दाराशी आले आणि माझा हात सवयीने पुढे गेला. तिथे काही नव्हते.

खांब कुठे गेले, याची चौकशी मी केली. जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने ते घेतले आणि पुढे मोठ्या शहराकडे पाठवले, एवढे कळले. कोणाच्या हॉटेलात, कोणाच्या बंगल्यात ते उभे राहतील. लोक त्यांचे कौतुक करतील, त्यांच्यासोबत फोटो काढतील. म्हणजे ते टिकाऊ होते, देखणे होते आणि मोलाचे होते, हे सगळ्यांना कळले. आपल्याला मात्र विकताना कळले नाही. आणि आलेल्या पैशांतून फरशी घेतली, असे तुमच्या हिशेबाच्या कागदात लिहिले आहे. तो कागद मी दोनदा वाचला. रागावून नव्हे, विश्वास बसेना म्हणून.

तुम्ही मला विचारले नाही, याचे मला वाईट वाटते. लेक सासरी गेली की तिचा गावावरचा हक्क संपतो, असे कोणी बोलत नाही, पण वागतात तसेच. वर्गणीला मी गावची, निर्णयाला परगावची. पाडण्याआधी एक फोन केला असता तर मी धावत आले असते. जाणकार शोधला असता, पैसे कमी पडते तर आणखी दिले असते. गावात आज हातावर मोजण्याइतके सुतार आहेत ज्यांना कुसू-खाच जमते. त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही आत बोलावून 'हा खांब बघ' म्हणाला नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळले. ते बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

झाले ते परत येत नाही. पण माझी तीन मागणी आहेत, आणि ती तुम्ही मानाल अशी आशा धरून आहे.

पहिले, फलकावरचे माझे नाव काढा. पैसे मला परत नकोत, ते विठ्ठलाचे झाले. पण सभामंडप पाडण्याच्या कामाला माझे नाव जोडलेले राहू नये. उद्या माझी नात ते वाचेल आणि आजीने हे केले, असे समजेल.

दुसरे, कुंपणाशी आठ-नऊ तळखडे अजून पडले आहेत. त्यातल्या एकावर कोणीतरी कपडे धुतलेले मी पाहिले. ते सगळे गोळा करा आणि नव्या मंडपाबाहेर जसे होते तसे ओळीने मांडा. खण किती रुंद होता, खांब कुठे होता, एवढे तरी पुढच्या मुलांना पावलांनी मोजता येईल.

तिसरे सगळ्यात महत्त्वाचे. देवळामागची धर्मशाळा अजून उभी आहे. पाच खण, बारा खांब, वर धाबे. तिच्या मागच्या भिंतीला पोट आले आहे आणि पुढच्या वर्षी तिचाही जीर्णोद्धार काढायचा, असे कानावर आले. आठवड्यावर मृग आला आहे. त्याआधी एक दिवस ठरवा. मी येते. घराघरातून एक टोपली खारी माती मागू. तरण्या पोरांना वर चढवू, पन्हाळी मोकळ्या करू, सुताराला प्रत्येक खांबाशी उभे करून विचारू. सिमेंटचा गिलावा खरवडून काढू. भिंत उतरवायची तर खुशाल उतरवा, कच्च्या विटांची नवी रचा. खांबांना मात्र हात लावायचा तो माझ्या आजीने सांगितला तसा लावा.

दिवस कळवा. पहाटेच्या एसटीने निघाले की नऊपर्यंत गावात पोहोचते. टोपली माझी मी आणते.

तुमची बहीण,
गावची एक लेक